सेंट आर्नोल्ड : बिअरवाल्यांचा संत

आपल्याकडे बहुतेक धंद्यांना आपापला संत आहे. शिंप्यांचे नामदेवमहाराज, कुंभारांचे गोरोबाकाका, माळ्यांचे सावतामहाराज, नाभिकांचे सेनामहाराज. ही सर्व मंडळी जन्माने त्या त्या धंद्यातली आणि हातातले काम न टाकता देव पाहिलेली. युरोपातही प्रत्येक धंद्याला एकेक संत नेमून दिलेला असतो. पण तिकडची रीत जरा निराळी. त्या संताने तो धंदा केलेला असलाच पाहिजे असे नाही. आयुष्यातला एखादा प्रसंग, एखादी दंतकथा, चित्रात हाती दिलेली एखादी वस्तू, एवढ्यावरून लोक त्याला आपला मानून मोकळे होतात. आम्हा गाण्याबजावण्याच्या लोकांची तिकडची देवता म्हणजे सेंट सिसिलिया. तिच्या लग्नात वाद्ये वाजत असताना ती मनातल्या मनात देवाचे गात होती, अशी कथा आहे. संगीताशी तिचा संबंध काय तो एवढाच. पण तेवढ्यावर शेकडो वर्षे गायक-वादक तिचा उत्सव करीत आले आहेत.

बेल्जियममधल्या बिअर करणाऱ्यांचा असाच एक संत आहे, सेंट आर्नोल्ड. संत आणि बिअर हे शब्द शेजारी शेजारी पाहून आपल्या जुन्या घरांतली वडीलधारी माणसे भुवया उंचावतील. ते साहजिकच आहे. परंतु ज्या मुलखातली आणि ज्या काळातली ही हकीकत आहे, तिथे बिअर ही चैनीची किंवा चोरून प्यायची वस्तू नव्हती. आपल्याकडे शेतावर जाणाऱ्या गड्याच्या भाकरीबरोबर ताकाचे मडके असे, तसे फ्लँडर्समधल्या शेतकऱ्याच्या शिदोरीत बिअरचे मडके असे. ती पुष्कळदा इतकी पातळ असे की मुलाबाळांनाही देत. हे ध्यानात ठेवून पुढची हकीकत वाचावी.

आर्नोल्डचा जन्म १०४० च्या सुमारास फ्लँडर्समधील टीगेम या खेड्यात झाला. आजच्या बेल्जियमच्या पश्चिम भागात, शेल्ड आणि ले या दोन नद्यांच्या मधल्या सौम्य टेकड्यांच्या प्रदेशात हे गाव आहे. घराणे सरदारी होते. मुलगा अंगापिंडाने दांडगा निघाला, आणि त्या घराण्यातल्या दांडग्या मुलाने काय करायचे हे ठरलेलेच होते. तो शिपाईगिरीला लागला. फ्रान्सचा राजा पहिला हेन्री याच्या चाकरीत त्याने तलवार गाजवल्याचे सांगतात. त्याच्या ताकदीच्या कथा पुढे बऱ्याच रंगवून सांगितल्या गेल्या. त्यांतला अतिशयोक्तीचा भाग सोडला, तरी घोड्यावर बसून माणसे मारण्याचा धंदा त्याने केला आणि तो त्यात कच्चा नव्हता, एवढे खरे दिसते.

वीस-बावीस वर्षांचा असतानाच त्याचे मन या धंद्यावरून उडाले. फ्रान्समधल्या स्वासों शहरी सेंट मेदार्चा मोठा आणि जुना मठ होता. तिथे जाऊन त्याने शस्त्रे खाली ठेवली आणि बेनेडिक्टपंथी साधूंची वस्त्रे अंगावर घेतली. पण मठातल्या सामुदायिक जीवनानेही त्याचे समाधान होईना. त्याने आणखी पुढचे व्रत घेतले. एका अरुंद कोठडीत त्याने स्वतःला कोंडून घेतले आणि सुमारे तीन वर्षे तो एकांतात, मौनात राहिला. ज्याच्या हाताखाली घोडी आणि भाले होते, तो आता हात पसरण्याइतक्याही जागेत नव्हता.

यापुढे आर्नोल्डच्या आयुष्याला जे वळण लागले ते मोठे मौजेचे आहे. जे जे पद त्याला नको होते, ते ते त्याच्यामागे धावत आले. मठाचा कारभार बिघडला होता. तेव्हा मठवासीयांनी १०७६ च्या सुमारास या कोंडून घेतलेल्या माणसाला बाहेर काढून मठाधिपती केले. त्याच्या चरित्रात अशी कथा आहे की ही जबाबदारी टाळण्यासाठी तो मठातून पळाला. पण वाटेत एक लांडगा आडवा आला आणि त्याने याला परत फिरवले. लांडग्याचे खरेखोटे देव जाणे. पण ज्याला गादी नको त्यालाच गादीवर बसवावे, ही लोकांची जुनी समजूत त्या कथेत दिसते. आर्नोल्डने कारभाराला शिस्त लावली आणि लौकरच ते पद सोडून तो पुन्हा आपल्या एकांताकडे वळला.

एकांतातल्या साधूची कीर्ती मात्र दूरवर जात होती. फ्रान्सचा राजा पहिला फिलिप आणि राणी बर्था यांच्या लग्नाला आठ-नऊ वर्षे होऊनही राज्याला वारस नव्हता. राणीने या साधूकडे प्रार्थनेची याचना केली, आणि १०८१ मध्ये तिला मुलगा झाला. हाच पुढे सहावा लुई म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला. चरित्रकाराने हे श्रेय अर्थातच आर्नोल्डच्या प्रार्थनेला दिले आहे. एवढे झाल्यावर राजा या साधूचा आजन्म ऋणी राहिला असता तर ते कथेला शोभले असते. पण राजकारणाला कथेचे नियम लागू नसतात.

तो काळ पोप आणि राजे यांच्या झगड्याचा होता. बिशप कोणी नेमायचे, पोपने की राजाने, यावर सारा युरोप पेटला होता. जर्मन सम्राट चौथा हेन्री याला १०७७ मध्ये कानोसाच्या किल्ल्यापुढे ऐन हिवाळ्यात पोप सातवा ग्रेगरी याची क्षमा मागत उभे राहावे लागले, ते याच झगड्यात. स्वासोंच्या बिशपपदावर राजा फिलिपच्या मर्जीतला माणूस होता. पोपच्या प्रतिनिधीने भरवलेल्या धर्मसभेत त्याला काढून त्या जागी आर्नोल्डला नेमण्यात आले. साल १०८१ च्या आसपासचे. आर्नोल्डला हेही नको होते. पण या वेळी पळायला वाव नव्हता. बिशप झाला खरा, पण राजाच्या पक्षाने शहर आपल्या हातून सोडले नाही. आपल्याच गावाच्या वेशीबाहेर राहणारा बिशप, अशी त्याची स्थिती झाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आर्नोल्ड जुना शिपाई. त्याचे नातेवाईक फ्लँडर्समधले सरदार. माणसे जमवून वेशीवर धडक देणे त्याला अशक्य नव्हते, आणि त्या काळच्या बिशपांना अशा लढायांचे वावडेही नव्हते. त्याने ते केले नाही. शस्त्र एकदा खाली ठेवले ते ठेवले. शिपायाने तलवार टाकणे सोपे. अपमान झाल्यावरही ती पुन्हा न उचलणे कठीण. माझ्या मते आर्नोल्डचे संतपण शोधायचे तर ते इथे शोधावे.

याच सुमारास त्याच्याकडे आयुष्यातले सर्वांत मोठे काम आले, आणि आज त्याची आठवण काढणाऱ्यांना नेमके तेच ठाऊक नसते. फ्लँडर्सचा काउंट रॉबर्ट याने १०७१ मध्ये लढाई करून गादी मिळवली होती. त्याचे वैरी पुष्कळ होते आणि धर्माधिकाऱ्यांशीही त्याचे पटत नव्हते. शिवाय समुद्रकाठच्या गावांतून घराण्याघराण्यांत खुनाचे वैर चालू होते. एकाने मारायचे, मेलेल्याच्या मुलाने किंवा भावाने त्याचा सूड घ्यायचा, मग पुन्हा पहिल्याच्या पुतण्याने. भाऊबंदकी आणि सूड म्हणजे काय हे आपल्या सरंजामी मुलखातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. या भागात शांतता करण्यासाठी आर्नोल्डला फ्लँडर्समध्ये धाडण्यात आले. १०८३-८४ चा हा काळ. तो गावोगाव हिंडला, वैऱ्यांना समोरासमोर आणले आणि रक्ताचा दावा सोडायला लावले. प्रवचन देणारे साधू पुष्कळ असतात. पण समोरच्याने स्वतः भाला धरलेला आहे आणि आपण होऊन टाकलेला आहे, हे ठाऊक असल्यामुळे त्या रागीट माणसांनी त्याचे ऐकले असावे.

या फिरतीत तो औडेनबर्गला आला. ओस्टेंड बंदराजवळचे हे गाव रोमन काळातल्या किल्ल्याच्या जागी वसलेले. गावाच्या नावाचा अर्थच जुना कोट असा होतो. इथे १०८४ मध्ये आर्नोल्डने सेंट पीटरच्या नावाने एक मठ स्थापला. बिशपपदासाठी भांडत बसण्यापेक्षा चार साधूंची पर्णकुटी बरी, असा त्याचा विचार दिसतो. याच मठात १०८७ च्या ऑगस्टमध्ये तो वारला. मृत्यूनंतर सुमारे तेहतीस वर्षांनी, ११२०-२१ मध्ये, बोव्हे येथील धर्मसभेने त्याच्या समाधीजवळ घडल्याचे सांगितलेले चमत्कार तपासून मान्य केले. औडेनबर्गचाच एक मठाधिपती हारिउल्फ आणि स्वासोंचा बिशप लिझियार यांची नावे त्याच्या चरित्राशी जोडलेली आहेत.

आता बिअरची गोष्ट. लोक सांगतात ती अशी. औडेनबर्गच्या आसपास रोगाची मोठी साथ आली. माणसे पटापट मरू लागली. आर्नोल्डच्या ध्यानात आले की जे पाणी पितात ते मरतात आणि बिअर पितात ते वाचतात. त्याने मठातल्या बिअरच्या कढईत आपली धर्मदंडाची काठी बुडवली, आशीर्वाद दिला, आणि लोकांना पाण्याऐवजी ही बिअर प्यायला सांगितले. साथ ओसरली. दुसरी एक कथा अशी की मधमाश्यांच्या पोळ्यासाठी विणतात तसल्या गवताच्या टोपल्यातून बिअर गाळायची युक्ती त्यानेच शिकवली. म्हणून चित्रांतून आणि पुतळ्यांतून त्याच्या अंगावर बिशपची वस्त्रे असतात, पण हाती असते ते बिअरची कढई ढवळण्याचे लांब दांड्याचे, वल्ह्यासारखे अवजार.

कथा बाजूला ठेवून जरा कृती पाहू. बिअर आपल्याकडच्या भट्टीच्या दारूसारखी उकळून वाफेने गाळलेली नसते. जव भिजवून त्यांना मोड आणायचे. नाचणीचे सत्त्व करताना आपण करतो तेच. मोड आलेले जव वाळवून भरडायचे आणि ती भरड गरम पाण्यात कालवून ढवळत ठेवायची. मोडांतल्या द्रव्यामुळे पिठूळपणाची साखर होते आणि पाणी गोड लागू लागते. संताच्या हातातले वल्हे ते याच वेळचे. मग चोथा बाजूला करून ते गोड पाणी औषधी पाल्याबरोबर उकळायचे, निववायचे आणि किण्व, म्हणजे यीस्ट, घालून आंबू द्यायचे. आर्नोल्डच्या काळी त्या भागात हॉपची फुले फारशी वापरात आली नव्हती. दलदलीत उगवणाऱ्या एका सुगंधी झुडपाचा पाला आणि इतर वनस्पती यांचे मिश्रण घालीत. त्याला ग्रुट म्हणत, आणि ते विकण्याचा हक्क राजेमहाराजे इनाम देत असत. सम्राट दुसरा ओटो याने फॉस गावचा असा हक्क ९७४ मध्ये लिएजच्या चर्चला दिल्याची नोंद आहे. पुढच्या दोन-तीन शतकांत हॉप आले आणि ग्रुट मागे पडला.

यात पाणी तापते, उकळते. आंबल्यावर त्यात थोडी आम्लता आणि थोडे मद्य येते. या तीन गोष्टींनी रोगजंतू टिकत नाहीत. हे आज आपल्याला कळते, कारण लुई पाश्चरने आंबण्यामागचे सूक्ष्म जीव दाखवून दिले. त्याचा बिअरवरचा ग्रंथ १८७६ सालचा. आर्नोल्डला यातले काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते. म्हणून कथेत काठी आली आणि आशीर्वाद आला. त्या काळी लोक पाणी पीतच नसत असे मात्र समजू नये. विहिरीचे, झऱ्याचे चांगले पाणी ते पीत आणि गावे त्याची राखणही करीत. समुद्रकाठच्या सखल, पाणथळ जागी मात्र चांगल्या पाण्याची वाण असणार, आणि तिथे उकळलेल्या पेयाने माणसे वाचली असतील तर त्यात अशक्य असे काही नाही.

पण ही कथा मुळात याच आर्नोल्डची का? इथे आणखी एक घोटाळा आहे. मेत्स या शहरी सातव्या शतकात आर्नुल्फ नावाचा दुसरा एक संत बिशप होऊन गेला. शार्लमेन सम्राटाचा तो पूर्वज मानला जातो. तोही १०८७ च्या नव्हे, तर ६४० च्या सुमारास पद सोडून एकांतात वारला. त्याचे शव गावी आणताना वाटेत दमलेल्या लोकांचा एक बिअरचा मग कितीही प्याले तरी रिता झाला नाही, अशी आख्यायिका आहे. नाव जवळजवळ तेच, पद तेच, पेयही तेच. साथीची कथादेखील दोघांच्या नावावर सांगतात. कोणाची कोणती हे आता सोडवणे कठीण.

ग्वाल्हेरच्या वाचकांना याचे नवल वाटू नये. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, असे ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या. माझे वडील दरबारात गात. त्यांच्याबरोबरच्या मंडळींपैकी तो पाला चघळला नाही असा गवई विरळा. त्या पाल्याने कोणाचा आवाज सुधारला हे मी तरी पाहिलेले नाही. रियाजाने सुधारलेले पुष्कळ पाहिले. आणि तानसेनाच्या नावावर गायल्या जाणाऱ्या चिजांपैकी किती त्याच्या, हे कोण छातीठोकपणे सांगणार? तरीपण तो पाला खाणारा मुलगा चिंचेखाली उभा असतो तेव्हा आपण कोणाच्या परंपरेत आलो आहोत हे त्याला उमगलेले असते. आर्नोल्डची काठी ही त्या चिंचेच्या जातीची. तिच्यात औषध शोधू नये. तिच्यामुळे एक साधा, कष्टाचा धंदा आपल्याला मोठ्या माणसाशी जोडून घेतो, हे पाहावे.

तो धंदा बेल्जियमच्या खेड्यांतून अजून चालू आहे. १९०० च्या सुमारास त्या लहानशा देशात तीन हजारांहून अधिक ब्रुअरी होत्या. म्हणजे गावागणिक एक म्हटले तरी चालेल. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने त्यांची तांब्याची भांडी काढून नेली, आणि पुढे मोठ्या कारखान्यांनी लहानांना गिळले. तरी काही घराणी तगली. आर्नोल्डच्या टीगेमपासून दोनेक कोसांवर, एकाच नगरपालिकेच्या हद्दीत, विख्ते नावाचे खेडे आहे. तिथे व्हेरहाखे घराण्याची ब्रुअरी १८८५ पासून आहे. तिची तांबूस-तपकिरी बिअर जाणकारांत नावाजलेली आहे. ती ओकच्या मोठमोठ्या लाकडी पिंपांत महिनोन् महिने मुरवतात आणि मग कोवळी आणि जुनी एकत्र करतात. बुर्गुंडीच्या डचेसच्या नावाची जी त्यांची प्रसिद्ध बिअर आहे, तिच्यात आठ महिन्यांची आणि अठरा महिन्यांची अशी दोन वयांची बिअर मिसळलेली असते. १४८२ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून ऐन पंचविशीत गेलेल्या मेरी राणीची ती आठवण आहे.

ही बिअर घटाघटा प्यायची नाही, आणि बर्फासारखी गार तर नाहीच. गोल पेल्यात ओतून आधी फेस बसू द्यायचा, मग वास घ्यायचा. पहिल्या घोटाला जांभळासारखा गोड-तुरट रस, लगेच मागून आमसुलासारखा आंबटपणा, आणि शेवटी लाकडाची कोरडी चव. त्या आंबटपणाचे कारण असे की लाकडाच्या फटींतून दही लावणाऱ्या जंतूंच्या जातभाईंनी घर केलेले असते. ती बिअर एका अर्थी विरजलेली असते. दोन वयांची मिसळ का करतात हे गाणाऱ्याला लगेच कळेल. जुन्या गवयामागे तरुण शिष्य सूर भरतो, तेव्हा एकाची खोली आणि दुसऱ्याचा गोडवा मिळून मैफल उभी राहते. नुसती जुनी बिअर फार आंबट, नुसती नवी फार पोरकट.

या परंपरेचा आता जगभर मान आहे. बेल्जियमची बिअर-संस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ब्रुसेल्सच्या मोठ्या चौकात बिअर करणाऱ्यांच्या संघाची जुनी इमारत आहे. त्या चौकातला बिअरचा वार्षिक उत्सव सुरू होण्याआधी झगे घातलेली मंडळी कॅथेड्रलमध्ये जमतात आणि सेंट आर्नोल्डचे नाव घेऊन बिअरच्या पिंपाला आशीर्वाद दिला जातो. हातात वल्हे घेतलेला बिशप त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी असतो. खुनाचे वैर सोडवीत गावोगाव हिंडलेल्या आर्नोल्डचे नाव मात्र त्यात क्वचितच निघते.

लोकांनी त्याच्यावर अन्याय केला असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. वैर मिटवण्याचे काम असे आहे की ते चांगले झाले म्हणजे त्याची खूण उरत नाही. ज्यांचे खून पडले नाहीत त्यांची नावे कोण लिहून ठेवणार? पण एकमेकांचे गळे कापायला उठलेली माणसे शेवटी एका पिंपाभोवती बसली, एवढे चित्र लोकांच्या मनात राहिले असेल, आणि त्यांनी काठी तिथे नेऊन बुडवली असेल, असे मानायला मला आवडेल.

आणि खुद्द टीगेममध्ये? तिथे संताच्या नावाचे एक वृक्षराजीचे स्थान आहे. तिथे त्याचे छोटेसे देऊळ आहे आणि जवळच एक झरा आहे. भाविक पिढ्यान् पिढ्या तिथे येत आले आहेत. बिअरवाल्यांच्या या संताच्या जन्मगावी तीर्थ म्हणून ते घेतात ते झऱ्याचे साधे पाणी.